सामायिक पान : नारायणगुड्याच्या परिसरातील विद्यार्थिलेखनाचा पूर्ववृत्तान्त

चौथी-पाचवीच्या मुलांनी शाळेच्या ग्रंथालयात गटागटाने बसावे, एकाने मुसी नदीच्या 1908 सालच्या महापुराची हकीगत पुस्तकातून काढावी, दुसरीने त्या पुरानंतर बांधलेल्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांचा नकाशा शोधावा, तिसऱ्याने घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लिहावे, आणि हे सर्व लेखन निरनिराळ्या संगणकांवरून, परंतु एकाच पानावर, एकमेकांच्या डोळ्यांदेखत उमटावे, ही रीत आता शहरांतील पुष्कळ शाळांच्या अंगवळणी पडत चालली आहे. आणि ती इतकी अलीकडची वाटते की तिला काही पूर्वेतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. साधन नवे आहे, यात संशय नाही. तथापि एका कागदाभोवती अनेक विद्यार्थ्यांनी जमावे ही कल्पना नवी नाही. आणि त्या कागदाभोवती कोणी बसावे, कोणत्या भाषेत व लिपीत लिहावे, कोणाच्या परवानगीने लिहावे, हे जे मूळ प्रश्न, ते हैदराबादच्या नारायणगुडा या वस्तीत आणि तिच्यापासून पायी अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या सुलतान बाजार, कोठी, जांबाग या मोहल्ल्यांत शंभर वर्षांपूर्वीच उपस्थित झालेले होते, व त्यांपायी थोर माणसांचे आयुष्य खर्ची पडलेले होते.

या परिसराचे भाग्य असे की येथे शाळांबरोबरच ग्रंथालयेही आली. सरकारी आसफिया ग्रंथालय 1891 मध्ये आबिद रोडवर सुरू झाले, ते पुढे 1936 मध्ये मुसीकाठच्या अफजलगंज येथील भव्य इमारतीत गेले; त्याचे वैभव अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथांत होते. प्रजेच्या भाषांसाठी प्रजेलाच हातपाय हलवावे लागले. 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले, आणि 1922 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय. आंध्रभाषा निलयमच्या संस्थापकांतील कोमर्राजु लक्ष्मणराव यांचे नाव मराठी वाचकाने विशेष आदराने घ्यावे असे आहे. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले, मराठी त्यांना मातृभाषेसारखी अवगत होती, आणि मराठी नियतकालिकांत लेखन करून झाल्यावर त्यांनी आपली सारी शक्ती तेलुगू ज्ञानप्रसाराला वाहिली. 1906 मध्ये त्यांनी विज्ञानचंद्रिका मंडळी काढली आणि पुढे आंध्र विज्ञान सर्वस्वमु हा ज्ञानकोश हाती घेतला. 1923 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा तो अपुराच होता. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्धीस नेणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे त्यांचे समकालीन. ज्ञानकोश हा एकट्याने लिहावयाचा ग्रंथच नव्हे. एकाने टाचणे काढावयाची, दुसऱ्याने मसुदा करावयाचा, तिसऱ्याने तपासावयाचा, आणि संपादकाने त्या सर्वांना एक वळण द्यावयाचे, हा त्याचा मार्ग. ज्या हैदराबादेत लक्ष्मणरावांनी तेलुगूसाठी सामुदायिक ज्ञानरचनेचा पाया घातला, त्याच हैदराबादेत 1931 साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना लाभले, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

निजामाच्या राज्यात तेलुगू बोलणारे सुमारे निम्मे, मराठी बोलणारे सुमारे चतुर्थांश, आणि कन्नड व उर्दू बोलणारे प्रत्येकी सुमारे दशांश अशी प्रजेची वाटणी होती. परंतु दरबार, दफ्तर, अदालत आणि माध्यमिक शाळेपासून वरचे शिक्षण यांची भाषा उर्दू होती. 1917 च्या फर्मानाने निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा जो धाडसी प्रयोग केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणविले, त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण ज्या मुलाच्या घरी तेलुगू किंवा मराठी बोलली जाई त्याच्यासाठी ही देशी भाषाही परकीच होती. त्यातच खाजगी शाळा काढण्यास सरकारी इजाजत सक्तीची झाली आणि गश्ती निशाण 53 सारख्या हुकुमांनी सभासंमेलनेही मंजुरीच्या कक्षेत आणली. अशा राज्यात वाचनालयाचे टेबल हे चार माणसांनी एकत्र बसण्याचे जवळजवळ एकमेव निरुपद्रवी ठिकाण उरले, आणि त्यामुळेच मराठवाड्यात काय, तेलंगणात काय, वाचनालये ही लोकशिक्षणाची केंद्रे झाली.

शाळांमध्ये जांबागेतील विवेकवर्धिनीचे नाव प्रथम घ्यावे लागेल. तत्कालीन परभणी जिल्ह्यातील वसमत तालुक्यातून आलेले, गुलबर्ग्यास वकिली करून पुढे हैदराबादेत हायकोर्टाच्या न्यायाधीशपदी चढलेले केशवराव कोरटकर, तसेच वामनराव नाईक आदी मंडळींच्या पुढाकाराने 1907 मध्ये ती निघाली. याच विवेकवर्धिनीत नोव्हेंबर 1921 मध्ये सामाजिक सुधारणा परिषद भरली, आणि तिचे अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे झाली, ती श्रोत्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मात्र अल्लमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले तेव्हा श्रोतृवृंदाने, ज्यात मराठी मंडळींचा भरणा मोठा होता, टाळ्या पिटून आणि गलका करून त्यांना बसविले. ज्या राज्यात निम्मी प्रजा तेलुगू बोलते त्याच्या राजधानीत, आणि तेही स्वभाषेच्या अभिमानाने काढलेल्या मराठी शाळेच्या आवारात, हे घडले. त्या अपमानातून आंध्र जनसंघाचा जन्म लगोलग झाला आणि तेलंगणाच्या जागृतीस आरंभ झाला, असे इतिहास सांगतो. आम्हा मराठी भाषकांनी हा प्रसंग आपल्या हैदराबादी कर्तृत्वाच्या कैफियतीतून वगळू नये. उर्दूच्या वर्चस्वाखाली जे स्वतः गुदमरत होते त्यांनीच शेजाऱ्याच्या भाषेला व्यासपीठ नाकारले, याचे दुःख मला शंभर वर्षांनंतरही वाटते.

या प्रसंगानंतर जे घडले ते नारायणगुड्यात घडले, आणि ते मन हलके करणारे आहे. आंध्र जनसंघाच्या उभारणीत अग्रभागी असलेले माडपाटी हनुमंतराव, जे पुढे 1951 मध्ये हैदराबादचे महापौर झाले, त्यांनी 1928 मध्ये तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा स्थापन केली. हीच आजची नारायणगुड्यातील माडपाटी हनुमंतराव बालिका विद्यालय म्हणून ओळखली जाणारी संस्था. तेलुगूतून शिकविणाऱ्या शाळेला राज्यात मान्यता मिळेना, तेव्हा मातृभाषेतून स्त्रीशिक्षण हेच ज्याचे ब्रीद होते त्या, 1916 मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाशी तिने संबंध जोडला. ज्या कर्व्यांच्या अध्यक्षतेखालील सभेत तेलुगूचा आवाज दाबला गेला, त्याच कर्व्यांच्या विद्यापीठाने तेलुगू मुलींसाठी दार उघडले. तिच्यापासून थोड्याच अंतरावर, 1932 मध्ये दिवंगत झालेल्या कोरटकरांच्या स्मरणार्थ, त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नाने 1940 मध्ये केशव मेमोरियल शाळा उभी राहिली. त्याच संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय 2007 पासून नारायणगुड्यात चालत आहे, आणि एका मराठी न्यायाधीशाच्या नावाच्या आवारात आज तेलुगू मुले संगणकशास्त्र शिकत आहेत.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे मुलांच्या सामायिक पानाकडे वळतो. संगणकापूर्वीचे मराठी शाळेतील सामायिक पान म्हणजे हस्तलिखित. वर्षाअखेरीस किंवा सणावारी निघणारे ते एकुलते एक प्रतीचे मासिक ज्यांनी हाताळले असेल त्यांना त्याचा थाट सांगावयास नको. एक संपादक मंडळ निवडले जाई; मुले आपापले लेख, कविता, कोडी, सहलीची वर्णने कच्च्या कागदावर आणून देत; मराठीचे गुरुजी त्यांवर लाल शाईने शेरे मारीत, शुद्धलेखन सुधारीत, कधी अर्धे पान खोडून टाकीत; आणि मग वर्गात ज्याचे अक्षर मोत्यासारखे, त्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे सर्व मजकूर सुवाच्य नक्कल करण्यासाठी जाई. चित्रकलेत गती असलेले मूल जलरंगांत मुखपृष्ठ काढी, कोणी समास आखी, कोणी नक्षी भरी, आणि शेवटी पुठ्ठा लावून, दोऱ्याने शिवून ते ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवले जाई, जेथे ते बाहेर न नेता तेथेच बसून वाचावे असा दंडक असे. ज्यांना तेवढा धीर नसे त्यांच्यासाठी भिंतीवर भित्तिपत्रक लागे. 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी काढलेल्या ‘आनंद’ मासिकासारखे नमुने मुलांपुढे होतेच. सानेगुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढण्याचा जो नेम धरला, तो या परंपरेतील सर्वांत उज्ज्वल. शाळेची कामे उरकल्यावर रोज काही पाने लिहून ती मुलांच्या वाचनासाठी ठेवावयाची, ही निष्ठा कोणत्याही यंत्राने पुरविता येण्यासारखी नाही.

हस्तलिखिताविषयी इतके ममत्व बाळगूनही त्यातील एक उणीव सांगितली पाहिजे. ते सर्वांचे म्हणविले जाई, पण त्यावर हात एकाचाच दिसे. ज्याचे अक्षर कुत्र्यामांजराचे पाय, त्या मुलाचा विचार पानावर येई, परंतु त्याची लेखणी त्या पानाला कधीच लागत नसे. आणि नक्कल झाल्यावर कोणाचे वाक्य कोणते, कोणी काय सुधारले, कोणाचे काय गळाले, याचा मागमूसही उरत नसे. शिवाय प्रत एकच असल्याने नांदेडच्या शाळेतील मुलांनी काय लिहिले हे हैदराबादच्या मुलांना कळण्याची सोय नव्हती. ही दुसरी अडचण फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाने 1924 पासून फार सुंदर रीतीने सोडविली. त्याने वर्गात एक छोटे मुद्रणयंत्र आणले, मुलांनी स्वतः खिळे जुळवून आपले लेख छापावयाचे, आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातील एका शाळेशी त्या छापील पानांची नियमित देवघेव करावयाची. समुद्रकाठची मुले मासेमारी सांगत, डोंगराकडची मुले आपले रान सांगत. आजच्या दूरस्थ सहलेखनाचा खरा पूर्वज मला येथे दिसतो. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये प्रकल्पपद्धतीचा पुरस्कार केला होता. भारतात 1937 च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन हे तर जन्माने हैदराबादचेच. हाताने काम करता करता एकत्र शिकावे, हा विचार अशा रीतीने अनेक दिशांनी येऊन पोहोचला होता. आमच्या शाळांत तो पुष्कळदा पुठ्ठ्याची घरे करण्यापलीकडे गेला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्या दिवशी हैदराबादची मराठी ही राज्याच्या चतुर्थांश प्रजेची भाषा राहिली नाही. ती एका शहरातील काही मोहल्ल्यांची भाषा झाली. ग्रंथसंग्रहालय राहिले, विवेकवर्धिनी राहिली. मुले मात्र हळूहळू इंग्रजी माध्यमाकडे वळली.

संगणकावरील सामायिक पानाची कथा येथून पुढे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये विकी हे, कोणीही येऊन दुरुस्त करावे असे, जाळ्यावरील पान निर्माण केले. त्याच तत्त्वावर 2003 मध्ये मराठी आणि तेलुगू विकिपीडिया निघाले, आणि केतकर व लक्ष्मणराव यांच्या उद्योगाला असंख्य अनामिक हात लाभले. 2006 मध्ये गूगलने रायटली नावाची सेवा विकत घेऊन आपला सामायिक दस्तऐवज सिद्ध केला, 2014 मध्ये शाळांसाठी क्लासरूम ही सोय आली, आणि पॅडलेटसारख्या जाळ्यावरील फलकांनी भित्तिपत्रकाची जागा घेतली. गूगलने हैदराबादेत आपले कार्यालय 2004 मध्येच थाटले होते. मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र त्याहून सहा वर्षे आधीचे. तरीही नारायणगुड्याच्या प्राथमिक शाळेत ही साधने खऱ्या अर्थाने शिरली ती मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागल्यावर. त्या वर्षी 1 सप्टेंबरपासून तेलंगण सरकारने दूरदर्शनची यादगिरी आणि टी-सॅट या वाहिन्यांवरून पाठ सुरू केले, परंतु दूरचित्रवाणीवर मूल केवळ श्रोता असते. ज्या घरांत फोन होता तेथील मुलांना मात्र एकमेकांच्या पानावर लिहिण्याची संधी प्रथमच मिळाली, आणि ज्या घरांत तो नव्हता तेथील मुले त्या पानाबाहेर राहिली.

म्हणूनच शाळा उघडल्यावर या कामाची जागा घर नव्हे, ग्रंथालय होय, असे माझे ठाम मत आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला ग्रंथालय, आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींची पुस्तके, बंधनकारक केली. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी शाळेच्या प्रकाराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपये मिळतात. ग्रंथालयात पुस्तक हाताशी असते. केवळ पडद्यापुढे बसविलेले मूल पडद्यावरूनच मजकूर उचलते आणि पडद्यावरच चिकटविते. पण ज्याच्या एका बाजूला उघडा ग्रंथ आहे आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच गटातील मुलगी ‘हे वाक्य तू कोठून घेतलेस?’ असे विचारावयास बसलेली आहे, त्याला स्वतःच्या शब्दांत लिहावेच लागते.

त्या पानाची घडण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. पानाचा मालक, म्हणजे बहुधा शिक्षिका किंवा ग्रंथपाल, प्रत्येकाला तीनपैकी एक अधिकार देतो : केवळ पाहण्याचा, समासात शेरा लिहिण्याचा, किंवा प्रत्यक्ष मजकूर बदलण्याचा. जुन्या दफ्तरातील कारकून, पेशकार आणि अंमलदार यांचीच ही श्रेणी होय. मात्र येथे ती आज एकाला, उद्या दुसऱ्याला, अशी फिरविता येते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला शेरा मारण्याची जबाबदारी दिली की तो दुसऱ्याचे लेखन किती काळजीने वाचू लागतो हे शिक्षकांनी अवश्य अनुभवावे. प्रत्येक फेरफार, तो करणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह, पानाच्या इतिहासात नोंदला जातो. काल कोणी खोडलेले वाक्य आज परत आणता येते. हस्तलिखितात जे गळून जाई ते येथे शिल्लक राहते, आणि ज्याचे अक्षर वाईट त्याचीही लेखणी पानाला लागते. गमावले ते अक्षराचे सौंदर्य, समासातील वेलबुट्टी आणि एकाच प्रतीभोवती डोकी जुळवून वाचण्याचा आनंद. ही हानी लहान नाही, आणि म्हणून वर्षातून एक हस्तलिखितही शाळेने आवर्जून काढावे असे मला वाटते.

या साधनांची चावी परक्या व्यापारी संस्थांच्या हाती आहे, हेही विसरता कामा नये. लहान मुलाचे स्वतंत्र खाते उघडून त्याला मोकळे सोडणे उचित नव्हे. खाती शाळेच्या ताब्यातील असावीत, पान गटाबाहेर उघडे नसावे, आणि मुलाच्या नावागावाची माहिती त्यात जाऊ नये. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. एके काळी येथे शाळा काढण्यास इजाजत लागे ती राज्यकर्त्यांच्या संशयापोटी. आजची ही संमती मुलाच्या रक्षणासाठी आहे, आणि शाळेने ती कागदापुरती न ठेवता पालकांना बोलावून, समजावून घ्यावी.

राहता राहिला लिपीचा प्रश्न, आणि या गावात तोच मुख्य आहे. कागदी हस्तलिखितात देवनागरी व तेलुगू डावीकडून, उर्दू उजवीकडून, त्यामुळे तीन भाषांची मुले एका अंकात आली तरी तीन स्वतंत्र विभागांत राहत. संगणकाच्या आरंभकाळी ही दरी अधिकच रुंदावली. प्रत्येक छापखान्याचा टंक निराळा, एकाने लिहिलेली मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर अर्थहीन चिन्हांची रांग होई, आणि अशा स्थितीत सामायिक पानाची गोष्टच नको. 1991 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरी, तेलुगू, अरबी वळणाची उर्दू, सर्वांना एका कोष्टकात आपापली कायम जागा दिली, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत ती यंत्रांवर रुळली. आज एकाच परिच्छेदात उर्दू वाक्य उजवीकडून आणि मराठी वाक्य डावीकडून, एकमेकांना न ढकलता, बसू शकते. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू सक्तीची विषयभाषा झाली आहे, तेव्हा हैदराबादच्या मराठी घरातील मूल तेलुगू शिकणारच. मुसीच्या पुराचा प्रकल्प त्याने आजीच्या मराठीत, शेजारच्या मुलीने तेलुगूत आणि तिसऱ्याने उर्दूत, एकाच पानावर का लिहू नये?

यासाठी ग्रंथपालांनी एक साधी गोष्ट आधी करावी. सरकारी प्रमाणाचा इनस्क्रिप्ट नावाचा जो कळफलक आहे, त्यात एका ध्वनीची कळ सर्व ब्राह्मीजन्य लिपींत एकच असते. ज्या कळीवर मराठीचा क, त्याच कळीवर तेलुगूचा क. तिसरी-चौथीत मुलांना तो सहा-आठ आठवडे शिकविला तर दोन लिपींचे लेखन एकाच अभ्यासात हाती येते, आणि रोमन अक्षरांतून मराठी टंकण्याची, शब्दाचे वळणच बिघडविणारी, सवय जडत नाही. उर्दूचा कळफलक मात्र निराळा आहे. त्यासाठी ग्रंथालयातील निदान एका यंत्रावर उर्दू अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात आणि उर्दू जाणणाऱ्या शिक्षकाकडे त्या गटाचे शेरे पाहण्याचे काम सोपवावे.